धाकट्याचा थांबण्याचा धंदा

ताईला सगळंच यायचं, आणि धाकट्याच्या आयुष्यातली मुख्य अडचण हीच होती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील गेले तेव्हा बॅगा दुरुस्त करायचं दुकान तिने हातात घेतलं आणि बघता बघता असं चालवलं, की अडकलेली चेन तिच्यासमोर ठेवली तर चेनच घाबरून सरकायची. स्वयंपाक, शिवण, मोडकी खुर्ची, आवाज करणारा पंखा, शेजारणींची भांडणं, जिथे हात लावेल तिथे यश. धाकटा त्याच दुकानात मागच्या बाजूला बसायचा. ताईची चार हँडलं शिवून व्हायची तोवर त्याचं एक व्हायचं, तेही उलट्या बाजूने. एकदा एका गिऱ्हाइकाला परगावी पोचल्यावर बॅगेतून आपला सदरा बाहेर काढता येईना. धाकट्याने अस्तर शिवताना आत राहिलेला तो सदरा अस्तरालाच शिवून टाकला होता. गिऱ्हाईक बॅग छातीशी धरूनच परत आलं.

"तू राहू दे, मी बघते," ताई म्हणायची. रागाने नाही, मायेने. रागाला निदान उलट उत्तर देता येतं. मायेने म्हटलेल्या "राहू दे"ला माणूस काय बोलणार?

पुढे तो कॉलेजात गेला आणि अर्थशास्त्राला बसला, कारण बाकीच्या विषयांनी त्याला बसू दिलं नाही. शिकवायला एक मॅडम होत्या, बारीक अंगाच्या, कोपरापर्यंत खडूने पांढऱ्या झालेल्या. त्या आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवायच्या. त्यांच्या फळ्यावर जगात कायम दोनच देश असत आणि त्या देशांत दोनच वस्तू होत, कापड आणि गहू. धाकट्याला ते जग आवडायचं. त्यात हरवायला जागाच नव्हती.

एके दिवशी मॅडमनी विचारलं, "समजा, एक देश दुसऱ्यापेक्षा सगळ्यातच सरस आहे. कापडही जास्त विणतो, गहूही जास्त पिकवतो. मग त्याने दुसऱ्याकडून काही घ्यावं का?"

"नाही," वर्ग एका सुरात म्हणाला. धाकट्याने मान खाली घातली. घरचं भांडण फळ्यावर आल्यासारखं त्याला झालं.

"घ्यावं," मॅडम म्हणाल्या. "सरस देशालाही हात तेवढेच आणि दिवस तेवढाच. तो गव्हात गुंतला की कापड राहतं. ते जे कापड राहिलं ना, ती त्याच्या गव्हाची खरी किंमत. म्हणून दुबळ्या देशाने आपण कशात पहिले येऊ हे बघत बसायचं नाही. आपण कशात सगळ्यात कमी मागे आहोत ते शोधायचं. तेवढंच करायचं, बाकीचं समोरच्याकडून घ्यायचं. यात दोघांचंही भलं होतं. याला तुलनात्मक लाभ म्हणतात."

धाकटा उभा राहिला. तो वर्गात आपणहून उभा राहण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मॅडमना वाटलं याला बाहेर जायचंय.

"मॅडम, कमी मागे असलं तरी चालतं?"

"चालतं. सिद्धांतच तसा आहे."

"आणि त्या मोठ्या देशाला राग येत नाही?"

"देशांना राग येत नाही. बस खाली."

तो घरी आला तो कान गरम होऊनच. आपण कशात सगळ्यात कमी मागे आहोत? त्याने सगळं करून बघितलं. भात लावला तर तो भांड्याला असा धरला की ताईने शेवटी भांडं आणि भात वेगळे करायचा नाद सोडला आणि ते दाराला टेका म्हणून लावलं. इस्त्री करायला घेतली, तर गिऱ्हाइकांच्या रुमालांवर इस्त्रीचा त्रिकोण उमटला. काही जणांनी ती नक्षी समजून आणखी रुमाल आणून दिले, पण तो काही धंदा नव्हे. हिशेबात, भांडी घासण्यात, बोलण्यात, जिथे मोजावं तिथे ताई चौपट, नाहीतर दसपट.

मग एके सकाळी नळवाला येणार होता. येतो म्हणाला होता, म्हणजे कधी ते देवाला ठाऊक. ताई दुकान बंद ठेवून घरात येरझारा घालत होती. खिडकीतून बघ, दारातून बघ, परत खिडकी. धाकटा खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"ताई, तू तासभर थांबलीस तर किती थांबतेस?"

"हा काय प्रश्न झाला? तासभर."

"आणि मी तासभर थांबलो तर?"

"तासभरच की. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"म्हणजे थांबण्यात आपण बरोबरीचे!" धाकटा खुर्चीवरून उठलाच. "शिवण्यात तू चौपट, स्वयंपाकात तर बोलायलाच नको. पण थांबण्यात तू माझ्या पुढे जाऊच शकत नाहीस. तू इथे तासभर थांबलीस की चार हँडलं बुडाली. मी थांबलो तर एक बुडेल, आणि तेही पुन्हा उसवावं लागणारं!"

ताई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "हे तुला कॉलेजात शिकवलं?"

"त्यांनी दोन देशांचं शिकवलं. पण आपण तरी घरात दोघंच आहोत ना?"

ताईने क्षणभर विचार केला, दुकानाची किल्ली उचलली आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत तिने एरवीपेक्षा जास्त बॅगा शिवल्या. नळवाला आला नाही, पण तो न येण्यात ताईचं काही नुकसान झालं नाही. जेवताना तिने धाकट्याला पहिला घास घे म्हटलं. सिद्धांत घरात लागू झाला.

तेव्हापासून घरातलं सगळं थांबणं धाकट्याकडे. दूध उतू जायच्या आधी त्याच्यासमोर उभं राहणं, फरशी वाळेपर्यंत बसणं, पाहुण्यांची वाट बघणं. वर आलेलं दूध उतरवायचं काम मात्र ताईचं, धाकटा नुसता "आलं!" म्हणून ओरडायचा. बदल्यात त्याला जेवण, धुतलेले कपडे आणि शाबूत गुंड्या मिळायच्या. पास झाल्यावर नोकरी शोधायची गरज त्याला वाटली नाही. तो आधीच कामावर होता.

बातमी गल्लीत पसरली. पहिला आला समोरचा न्हावी. त्याची दाढ दुखत होती आणि दाताच्या दवाखान्यात ही गर्दी.

"नंबर लागेपर्यंत तू थांब," न्हावी म्हणाला. "मी तेवढ्यात चार डोकी उरकतो. नंबर आला की निरोप धाड. दाढ माझीच काढू दे म्हणजे झालं."

अशी धाकट्याच्या थांबण्याची निर्यात सुरू झाली. न्हावी बदल्यात त्याचे केस कापायचा, आणि त्याची दाढ फारच दुखरी निघाल्यामुळे धाकट्याच्या डोक्यावर कापायला काही उरेना. चांभाराने चपलांना नवे तळ लावून दिले. धोबी, पुस्तकं बांधणारा, मग नदीपलीकडचे लोकही यायला लागले. कुणाला घर दाखवणाऱ्यासाठी थांबायचं असे, कुणाला रुसलेल्या बायकोसाठी. धाकटा सगळीकडे थांबायचा, आणि इमानेइतबारे थांबायचा. थांबताना पेपर वाचणं, शीळ घालणं, डुलकी घेणं हे त्याला दुधात पाणी घातल्यासारखं वाटे. "माझ्या जागी तू थांबलास, पण मी थांबलो असतो तर एवढं मन लावून नसतो थांबलो," असं धोब्याने म्हटलं तेव्हा धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दाताच्या दवाखान्यात नंबर पुकारायला एक मुलगी होती. तिचा आवाज असा खणखणीत, की "पुढचे!" म्हटल्यावर ज्याचा नंबर नाही तोही उठायचा. रोज नव्या माणसाच्या नावाने तोच माणूस येऊन बसतो हे तिच्या लक्षात आलं. पहिल्यांदा तिला वाटलं याचे दात फार वाईट आहेत. मग तिने विचारलं, त्याने सांगितलं, आणि ती हसली नाही. धाकट्याला एवढं पुरे होतं.

पण नंतर एक चमत्कार व्हायला लागला. धाकट्याचा नंबर येईचना. मागून आलेले आत जाऊन, हिरड्या धरून, घरीही गेले. तिकडे न्हावी गाल धरून फोनवर फोन करतोय, आणि इकडे धाकटा बाकावर.

"अहो, माझा नंबर?"

"मागे ढकललाय," ती खाली बघून म्हणाली. "आला की तुम्ही जाता."

धाकट्याने त्यावर खूप विचार केला. त्याला उत्तर सुचलं तोवर दवाखाना बंद व्हायला आला होता. "नंबर नसला तरी मी थांबेन," तो म्हणाला. त्यांचं लग्न झालं. ताईने वहिनीसाठी स्वतः एक बॅग शिवली. न्हाव्याची दाढ शेवटी आपोआप पडली, आणि त्याचं श्रेय तो अजून त्या दोघांना देतो. वहिनी घरीही जेवायला "पुढचे!" अशीच हाक मारायची, आणि घरात तिघंच असूनही ताई आणि धाकटा एकमेकांकडे बघायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात नदीपलीकडून स्टेशनमास्तर आले.

ते निवृत्त होते. जन्मभर गाड्यांसाठी थांबलेले, अंगात पितळी गुंड्यांचा जाड कोट, काखेत स्वतःचं स्टूल. ते फुकट थांबायचे. "घरी मला कुणी नुसतं बसू देत नाही," ते म्हणत. "बसलो की सून विचारते, काय हवंय? इथे मला उलट लोक धन्यवाद देतात." कामही चोख. मधूनमधून उठून रस्ता दोन्ही बाजूंना बघायचे, त्यामुळे ज्याच्यासाठी थांबलोय तो येईलच असा गिऱ्हाइकाला विश्वास वाटायचा. आठवड्याभरात धोबी गेला, चांभार गेला. न्हावीही गेला, निव्वळ समोर राहतो म्हणून मान खाली घालून गेला.

धाकटा तडक मॅडमच्या घरी पोचला. मॅडम आता केसांनीही पांढऱ्या झाल्या होत्या.

"मॅडम, बाहेरचा माणूस फुकट माल ओततोय. माझा धंदा बसला."

"त्याला डंपिंग म्हणतात," मॅडम उत्साहाने म्हणाल्या आणि जवळच्या कागदावर दोन रेघा काढल्या, एक चढती, एक उतरती. "आता बघ. बाहेरून स्वस्त थांबणं आलं, भाव पडला. गिऱ्हाइकांचा फायदा हा एवढा मोठा झाला. तुझ्यासारख्यांचा तोटा हा एवढाच. एकंदरीत गल्ली फायद्यात."

"यात मी कुठे आहे?"

मॅडमनी चष्मा सारखा केला आणि दोन रेघांमधल्या जागेवर पेन्सिल टेकवली. "हा इथला त्रिकोण होता ना, तो तू."

धाकटा बराच वेळ त्या त्रिकोणाकडे बघत राहिला. "बारीक झालोय," तो म्हणाला.

"हो," मॅडम जरा हळू आवाजात म्हणाल्या. "जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्याला थोडं द्यावं, असं आम्ही शिकवतो. देतात असं म्हणत नाही. पण तू जकात लावू नकोस हं. जकात लावली की फायद्यातले कडेचे हे दोन तुकडे ना तुला मिळतात, ना गिऱ्हाइकांना, ते हवेत जातात."

ज्याचं जळतं त्याला कळतं. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि बाहेरून येणाऱ्या थांबण्यावर जकात जाहीर केली.

"किती?" न्हाव्याने विचारलं.

"किमतीच्या निम्मी."

"ते फुकट थांबतात. फुकटाच्या निम्मे किती होतात?"

शून्याला कितीही पिळलं तरी थेंब निघत नाही. संध्याकाळी वहिनी म्हणाली, "अहो, मग किमतीवर कशाला लावता? प्रत्येक खेपेमागे एक वस्तू घ्या. गुंडी घ्या, गुंडी." तिला वाटलं, म्हातारा एवढ्या तेवढ्यासाठी कंटाळून परत जाईल.

स्टेशनमास्तर कंटाळले नाहीत. उलट खूश झाले. "नियम आहे म्हणजे शिस्त आहे," म्हणाले, आणि कोटाची वरची गुंडी तोडून धाकट्याच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुसरी. वारा बोचरा सुटला होता. कोट हळूहळू उघडत गेला, आणि शेवटची गुंडी दिली त्या दिवशी स्टेशनमास्तर धोब्यासाठी थांबले असताना इतके शिंकले, की ज्याच्यासाठी थांबले होते तो माणूस आला आणि घाबरून परत गेला.

मग ते आलेच नाहीत. धाकट्याला आपला धंदा परत मिळाला. पण गुंड्या खिशात वाजत होत्या आणि त्याचं थांबण्यात लक्ष लागेना. चांभारासाठी थांबताना त्याने चक्क शीळ घातली.

शेवटी तो गुंड्यांची पुरचुंडी घेऊन नदीपलीकडे गेला. बरोबर ताईला नेलं, कारण गुंडी लावणं त्याच्या हातून होणारं नव्हतं. स्टेशनमास्तर पांघरुणात होते, नाक लाल. ताईने एकही शब्द न बोलता सगळ्या गुंड्या लावल्या, अशा लावल्या की आता कोट फाटेल पण गुंडी निघायची नाही.

"जकात उठवली," धाकटा म्हणाला.

"अरेरे," स्टेशनमास्तर म्हणाले. "मग आता मी तिकडे आल्यावर नाक्यावर काय देऊ?"

परत येताना ताई सुईत दोरा ओवायला थांबली. कोटाचा एक टाका तिला पुरेसा पक्का वाटला नव्हता आणि परत जाऊन घालावा असं तिच्या मनात होतं. दोरा काही ओवेना. तिने सुई लांब धरली, जवळ धरली. धाकट्याने हे आजवर कधी पाहिलं नव्हतं. त्याने दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात तिचा नंबर लावला, तिच्याऐवजी थांबला, आणि नंबर आल्यावर तिला बोलावलं.

डॉक्टरांनी ताईच्या डोळ्यांत थेंब टाकले. "आता डोळे मिटून बाहेर बसा. औषध चढायला वेळ लागेल."

"माझा भाऊ बसेल," ताई म्हणाली.

"थेंब तुमच्या डोळ्यांत आहेत, बाई."

हे असं काही निघेल याचा कुणीच विचार केला नव्हता. काही माल देशाबाहेर जातच नाही, जिथल्या तिथेच वापरावा लागतो, असं मॅडम एकदा म्हणाल्या होत्या. धाकट्याने तेव्हा ते लिहून घेतलं नव्हतं.

ताई बाकावर बसली. "झालं?" तिने विचारलं.

"आत्ताच तर टाकलेत."

"झालं?"

"ताई, अजून मी नीट टेकलोही नाही."

ती पाय हलवायला लागली. मग तिचे हात बाकाच्या गादीवर फिरले, एक उसवलेली शिवण त्यांना सापडली आणि मिटल्या डोळ्यांनीच ती ओढायला लागली. मग उठली, मग एका अनोळखी माणसाच्या मांडीवर बसली, मग परत आली. तिच्या कपाळावर घाम होता. धाकटा बघतच राहिला. आयुष्यभर जिच्या चौपटीच्या, दसपटीच्या गोष्टी ऐकल्या, त्या ताईला काहीतरी येत नव्हतं. नुसतं कमी नाही, अजिबातच येत नव्हतं. ती तासभर थांबली तर पाव तासही थांबत नव्हती. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. घराची भिंत जागची हलावी तसं त्याला वाटलं.

"हात मोकळे सोड," तो म्हणाला. "आणि सारखं कधी होईल, कधी होईल असं मनात धरू नकोस. होईल ते त्याचं त्याचं."

"मग काय धरू?"

"माझा हात धर."

तिने धरला, आणि इतका घट्ट की त्याची बोटं पांढरी पडली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू रोज हे करतोस?"

"रोज."

"आणि मला वाटायचं, तू नुसता बसतोस." तिने हलणारा पाय आवरला. "अवघड आहे रे हे."

तिचे डोळे ठीक निघाले, चष्म्यावर भागलं. पण ताईला एखादी गोष्ट येत नाही आणि ती तशीच सोडून देते, असं कधी झालंय? तिने दुपारी जेवणानंतर दुकान उघडं ठेवून समोरच्या बाकावर थांबायचा सराव सुरू केला. धाकटा शिकवायला. स्टेशनमास्तरही बरे होऊन येऊ लागले, कोटाच्या सगळ्या गुंड्या लावून. गल्लीतली कामं दोघांनी वाटून घेतली होती: आत बसून थांबायचं ते धाकट्याचं, रस्त्यावर उभं राहून थांबायचं ते मास्तरांचं. धाकट्याच्या मनात एक धास्ती मात्र होती. ताईला हेही जमलं, चौपट जमलं, तर पुढे काय? पण ताई पहिल्यासारखीच वाईट राहिली. तिला झोप तरी लागायची, नाहीतर ती स्टेशनमास्तरांच्या बाहीचा टाका उसवून पुन्हा घालायची.

"झोपणं म्हणजे थांबणं नव्हे," धाकटा कडकपणे सांगायचा.

एका दुपारी तिघं असेच बसले असताना एक बाई तुटलेल्या चाकाची बॅग ओढत दुकानाशी आल्या. आत कुणी नाही, बाकावर ताई गाढ झोपलेली. त्या घड्याळात बघू लागल्या. धाकटा उठला, हलक्या पावलांनी त्यांच्याजवळ गेला आणि बॅगेचं हँडल अदबीने त्यांच्या हातातून घेतलं.

"तुमची बाकीची कामं असतील," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही या जाऊन. ती जागी होईपर्यंत तुमच्यातर्फे मी थांबतो."